लिव्हरच्या गाठीतली चरबी एमआरआयवर कशी ओळखायची: नव्या रेसिडेंटसाठी

नागपुरात धंतोली-रामदासपेठेच्या पट्ट्यातल्या कुठल्याही एमआरआय सेंटरवर बसा, ही चिठ्ठी हमखास येते: "सोनोग्राफीत लिव्हरच्या राइट लोबमध्ये इकोजेनिक एसओएल. ? हिमँजिओमा ? फोकल फॅट. सीई-एमआरआय करावा." (एसओएल म्हणजे जागा व्यापणारी गाठ, हिमँजिओमा म्हणजे रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ, सीई-एमआरआय म्हणजे कॉन्ट्रास्ट देऊन केलेला एमआरआय.) पेशंट बहुतेकदा भलत्याच कारणासाठी सोनोग्राफीला गेलेला असतो: मुतखडा, ॲसिडिटी, नाहीतर कंपनीचं हेल्थ चेकअप. "लिव्हरमध्ये गाठ" एवढंच कानावर पडतं आणि अख्खं घर काळजीत पडतं.

सोनोग्राफीवर चरबीही पांढरी दिसते आणि हिमँजिओमाही. सीटीवर चरबी भरपूर असेल तर हाउन्सफिल्डचा (घनतेचा) आकडा उणेमध्ये जातो आणि प्रश्न मिटतो. पण पेशींच्या आत थेंबाथेंबाने साठलेली चरबी सीटीवर नुसती काळपट दिसते, आणि तशा तर बऱ्याच गाठी दिसतात. एमआरआयचा खरा जोर इथे आहे. चरबी आहे का, किती आहे, कुठल्या प्रकारची आहे हे तो कॉन्ट्रास्ट द्यायच्या आधीच सांगू शकतो.

मात्र चरबी सापडली की निदान झालं असं समजू नका. निरोगी लिव्हरमध्ये, पित्ताशयाच्या कडेला दिसलेली चरबी बहुधा निरुपद्रवी असते. तीच चरबी सिरोसिस झालेल्या लिव्हरच्या गोल गाठीत दिसली तर संशय कॅन्सरचा घ्यावा लागतो. म्हणून शेवटपर्यंत तीन प्रश्न सोबत ठेवा: चरबी कशी आहे, लिव्हर कसं आहे, आणि पेशंट कोण आहे. मेडिकल, मेयो, एम्स किंवा खासगी हॉस्पिटलात रेडिओलॉजीला नुकतेच लागलेल्या जेआर-वनसाठी (पहिल्या वर्षाच्या ज्युनिअर रेसिडेंटसाठी) हे लिहितो आहे. टेक्निशियन मंडळींनीही वाचावं, कारण निम्मी लढाई कन्सोलवरच जिंकली किंवा हरली जाते.

पायरी १: पेशंटशी बोला, आणि श्वास शिकवा

चिठ्ठीवर हिस्ट्री नसतेच असं धरून चला. स्वतः विचारा. दारू किती वर्षं आणि किती? हिपॅटायटिस बी किंवा सी कधी निघाला का? डायबेटीस? आधी कुठला कॅन्सर, कुठलं ऑपरेशन? बाई असेल तर गर्भनिरोधक गोळ्या. जिमला जाणारा तरुण असेल तर स्टेरॉइडची इंजेक्शनं, हा प्रश्न नातेवाइकांना बाहेर बसवून विचारा. आणि आपल्याकडे एक प्रश्न कधीच विसरू नका: सिकल सेल आहे का, आणि रक्त किती वेळा चढवलं? गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडाऱ्याहून येणाऱ्या पेशंटमध्ये या उत्तराने संपूर्ण स्कॅनचा अर्थ बदलू शकतो. त्याबद्दल पुढे सविस्तर.

लिव्हरच्या एमआरआयसाठी चार ते सहा तास उपाशी ठेवतात. मे महिन्यात पहाटेच्या गाडीने उपाशीपोटी निघालेला माणूस ४५ अंशांच्या उन्हातून आपल्यापर्यंत येतो. त्याला थेट टेबलावर घेतलं तर तो १५ सेकंद श्वास धरूच शकत नाही. आधी थोडा वेळ कूलरसमोर बसवा. मग बाहेरच्या बाकावरच तालीम घ्या. "मावशी, श्वास घ्या... सोडा... आता तसंच थांबा." हात त्यांच्या पोटावर ठेवून बघा, पोट खरंच थांबलं का. श्वास सोडून थांबणं घेऊन थांबण्यापेक्षा अवघड वाटतं, पण लिव्हर दर वेळी साधारण त्याच जागी येतं, आणि दोन सिक्वेन्स एकावर एक जुळतात. मशीनमधला रेकॉर्ड केलेला इंग्रजी आवाज बंद करा. बालाघाट-छिंदवाड्याच्या पेशंटशी हिंदीत बोला. गोंडी किंवा माडिया बोलणारे आजोबा असतील तर सोबतच्या नातवाला मध्ये घेऊन खुणा ठरवा. पाच मिनिटं जातात, पण पुढे फुकट जाणारा अख्खा स्टडी वाचतो.

पायरी २: कुठले सिक्वेन्स बघायचे

पाण्यातले आणि चरबीतले प्रोटॉन एकाच वेगाने फिरत नाहीत. दोघांत ३.५ पीपीएमचा फरक असतो. १.५ टेस्लाच्या मशीनवर हा फरक सुमारे २२० हर्ट्झ, ३ टेस्लावर दुप्पट. त्यामुळे काही क्षणी दोघांचे सिग्नल एका दिशेला येऊन बेरीज होते, ती इन-फेज इमेज. काही क्षणी ते एकमेकांविरुद्ध होतात आणि वजाबाकी होते, ती आउट-ऑफ-फेज. १.५ टेस्लावर आउट-ऑफ-फेजचा टीई (सिग्नल टिपायची वेळ) साधारण २.३ मिलिसेकंद आणि इन-फेजचा ४.६. तीन टेस्लावर हेच आकडे अर्धे, म्हणजे साधारण १.१५ आणि २.३. हे चार आकडे पाठ करा. याच तत्त्वावर थॉमस डिक्सन यांनी १९८४ साली पाणी आणि चरबी वेगवेगळी काढायची पद्धत मांडली. आज आपण ज्याला नुसतं "डिक्सन" म्हणतो ती हीच. एका श्वासात चार सेट मिळतात: इन-फेज, आउट-ऑफ-फेज, फक्त पाणी, फक्त चरबी.

त्यासोबत टी-टू, फॅट-सॅट (चरबीचा सिग्नल दाबलेला) टी-टू, डिफ्यूजन (पाण्याच्या रेणूंची हालचाल दाखवणारा), कॉन्ट्रास्टच्या आधीचा फॅट-सॅट टी-वन, आणि मग डायनॅमिक, म्हणजे कॉन्ट्रास्ट देऊन आर्टेरियल, पोर्टल अशा एकामागून एक फेज. कॉन्ट्रास्टच्या आधीचा फॅट-सॅट टी-वन घाईत कधीही गाळू नका. तो नसेल तर नंतरच्या फेजमध्ये काय आधीपासून पांढरं होतं आणि काय नव्याने भरलं हे सांगता येत नाही.

स्टिर सिक्वेन्सवर काळी झाली म्हणून चरबी, असंही म्हणू नका. स्टिर चरबी निवडून दाबत नाही. ज्याचा टी-वन चरबीइतका छोटा आहे ते सगळं दाबतो. जुनं रक्त किंवा गॅडोलिनियम घेतलेला भागही त्यात काळा होऊ शकतो. याच कारणाने कॉन्ट्रास्टनंतर स्टिर करत नाहीत.

पायरी ३: इमेज खरी आहे का, आधी ते तपासा

आउट-ऑफ-फेज इमेज ओळखायची सोपी खूण म्हणजे अवयवांभोवतीची काळी रेघ. किडनी, स्प्लीन, आतडी यांच्या कडेने कुणी शाईने गिरवल्यासारखं दिसतं, त्याला इंडिया इंक आर्टिफॅक्ट म्हणतात. एकाच व्हॉक्सेलमध्ये (इमेजच्या सर्वात छोट्या ठोकळ्यात) निम्मं पाणी आणि निम्मी चरबी आली की सिग्नल शून्याजवळ जातो, म्हणून ती रेघ उमटते.

मग टीईचा क्रम बघा. आउट-ऑफ-फेज आधी आणि इन-फेज नंतर घेतलेली असावी. तीन टेस्लाच्या काही मशीनवर पहिला छोटा टीई गाठता येत नाही म्हणून इन-फेज आधी आणि आउट-ऑफ-फेज नंतर घेतात. असं झालं तर आउट-ऑफ-फेजवर सिग्नल चरबीमुळे पडला की लोहामुळे, हे वेगळं करता येत नाही. डायकॉम हेडरमध्ये (इमेजसोबत साठवलेल्या माहितीत) टीई लिहिलेला असतो. तो वाचल्याशिवाय रिपोर्टला हात लावू नका, अशी सवय पहिल्या महिन्यातच लावून घ्या.

तिसरी गोष्ट म्हणजे डिक्सनमधली अदलाबदल. गणित चुकलं की "पाणी" इमेजमध्ये चरबी आणि "चरबी" इमेजमध्ये पाणी येतं. कधी अर्ध्याच लिव्हरमध्ये, बहुधा फुप्फुसाजवळच्या डोमला किंवा कडेला. त्वचेखालची चरबी "पाणी" इमेजवर काळी दिसते ना, एवढं आधी बघा. डोमजवळ, जठरातल्या हवेजवळ आणि ऑपरेशनच्या क्लिपांजवळ साधं फॅट-सॅटसुद्धा फसतं.

विंडो दोन्ही इमेजना एकसारखी लावा. मशीन आपोआप वेगवेगळी विंडो लावतं, आणि नुसत्या डोळ्यांनी "ड्रॉप आहे" (आउट-ऑफ-फेजवर सिग्नल पडला आहे) असं म्हणणारा तिथेच फसतो. त्यापेक्षा आकडे घ्या. गाठीच्या मधोमध, रक्तवाहिनी आणि कडा सोडून, दोन्ही इमेजवर त्याच जागी आरओआय (मोजायचं वर्तुळ) ठेवा. समजा इन-फेजवर ४०० आले आणि आउट-ऑफ-फेजवर २६०. फरक १४०, म्हणजे ३५ टक्के ड्रॉप. फॅट फ्रॅक्शनचा ढोबळ अंदाज हवा असेल तर १४० ला ४०० च्या दुपटीने भागा: १७.५ टक्के. लिव्हरचं आणि स्प्लीनचंही मोजा. स्प्लीनमध्ये चरबी नसते, त्यामुळे तिचा आकडा दोन्हीकडे जवळपास सारखा राहायला हवा. तोच बदलला तर काहीतरी गडबड आहे.

पायरी ४: चरबी पेशींच्या आत की गठ्ठ्याने?

पेशींच्या आत सूक्ष्म थेंबांनी साठलेली चरबी पाण्याच्या बरोबरीने एकाच व्हॉक्सेलमध्ये असते. म्हणून आउट-ऑफ-फेजवर अख्खी गाठ काळवंडते. फॅट-सॅटवर मात्र फारसा फरक पडेलच असं नाही.

गठ्ठ्याने असलेली चरबी, म्हणजे त्वचेखाली असते तशी, उलट वागते. तिच्यात पाणी जवळजवळ नाही, त्यामुळे वजाबाकी कशातून होणार? आउट-ऑफ-फेजवर ती पांढरीच राहते, फक्त कडेला शाईची रेघ येते. फॅट-सॅटवर मात्र एकदम काळी पडते. इथेच नव्या रेसिडेंटची गल्लत होते. "आउट-ऑफ-फेजवर पडली नाही, म्हणजे चरबी नाही" असं वाक्य मी अनेक कच्च्या रिपोर्टांत वाचलं आहे. चरबी निम्म्याच्या आसपास असते तेव्हा ड्रॉप सर्वात जास्त. त्याच्या पलीकडे गेली की ड्रॉप पुन्हा कमी होत जातो.

टी-वनवर पांढरी दिसणारी प्रत्येक गाठ चरबीची नसते, हेही लक्षात असू द्या. जुना रक्तस्राव, मेलॅनिन, प्रोटीनयुक्त द्रव हेही पांढरे असतात. ते आउट-ऑफ-फेजवरही पांढरे राहतात आणि फॅट-सॅटवरही. दोन्हींपैकी एकावर तरी पडली तर चरबीचा विचार.

पायरी ५: लोह. विदर्भात ही पायरी वगळता येत नाही

पुस्तकात लोहाला एक परिच्छेद असतो. आपल्याकडे तो रोजचा विषय आहे. सिकल सेलचे जे पेशंट वारंवार रक्त घेतात त्यांच्या लिव्हरमध्ये लोह साठतं. लोहामुळे सिग्नल वेळेनुसार झपाट्याने विझतो. इन-फेज इमेज नंतरच्या टीईला घेतलेली, म्हणून ती जास्त काळी. म्हणजे चरबीच्या बरोबर उलट चित्र: इन-फेजवर लिव्हर काळं, आउट-ऑफ-फेजवर त्यापेक्षा उजळ. आकड्यांत इन-फेज १८० आणि आउट-ऑफ-फेज २९० असं काही दिसलं की समजा, इथे लोह आहे.

आता खरी अडचण. त्याच लिव्हरमध्ये चरबीही असेल तर? चरबी आउट-ऑफ-फेजला खाली ओढते, लोह इन-फेजला. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात, आकडे सारखे येतात, आणि रिपोर्टमध्ये "नॉर्मल" लिहिलं जातं. अशा पेशंटला नुसत्या दोन टीईंवर भागत नाही. मशीनवर सहा टीईंचा डिक्सन असेल, जो लोहाचा परिणाम वजा करून फॅट फ्रॅक्शन आणि लोहाचा आर-टू-स्टार असे दोन वेगळे नकाशे देतो, तर तो लावा. त्यात दोन मिनिटंही जात नाहीत. तो नसेल तर रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहा की लोहामुळे चरबीचं मोजमाप विश्वासार्ह नाही.

स्प्लीनचा आधारही इथे निसटतो. सिकल सेलमध्ये ती कधी आकसून कॅल्शियमचा गोळा झालेली असते, कधी स्वतःच लोहाने काळी झालेली असते. तुलनेसाठी पाठीच्या कण्याशेजारचा स्नायू घ्या.

आणि एक धोका. लोहाने काळ्या पडलेल्या लिव्हरमध्ये एखादी गाठ उजळ दिसली, म्हणजे तिने लोह घेतलंच नाही, तर ती हलक्यात घेऊ नका. कॅन्सरची पेशी बरेचदा लोह साठवत नाही. अशा पेशंटना पूर्वी चढवलेल्या रक्तातून हिपॅटायटिस सी किंवा बी झालेला असण्याचीही शक्यता असते. ते रिपोर्ट मागवून बघा.

पायरी ६: लिव्हर निरोगी असेल तर

आधी सगळ्यात जास्त दिसणारी गोष्ट: *फोकल फॅट*. ही गाठ नसतेच. लिव्हरच्या एका तुकड्यात चरबी जास्त साठलेली असते, एवढंच. जागा ठरलेल्या आहेत: फॅल्सिफॉर्म लिगामेंटच्या कडेला, पित्ताशयाच्या खोबणीत, पोर्टा हिपॅटिसच्या पुढे, सेगमेंट चारच्या मागच्या भागात. या जागांना पोर्टल व्हेनऐवजी दुसऱ्याच छोट्या शिरांतून रक्त येतं, म्हणून तिथे चरबीचं गणित वेगळं असतं. आकार नकाशातल्या तालुक्यासारखा वाकडातिकडा, कडा सरळसोट. आउट-ऑफ-फेजवर पडते. मधून जाणारी शीर न वाकता, न दबता तशीच पुढे जाते. शीर कुठे जाते हे तीन-चार स्लाइस खालीवर करून नक्की बघा, निम्मं निदान तिथेच असतं. डिफ्यूजनवर काही नाही, आणि कॉन्ट्रास्ट शेजारच्या लिव्हरसारखाच घेते.

कधीकधी फोकल फॅट गोल-गोल आणि अनेक ठिकाणी असते, आणि सोनोग्राफीवर मेटास्टॅसिससारखी दिसते. ब्रेस्ट कॅन्सरचे उपचार चालू असलेल्या बाईच्या हातात असा सोनोग्राफी रिपोर्ट पडतो तेव्हा तिचं काय होत असेल, याचा विचार करा. सगळे ठिपके आउट-ऑफ-फेजवर पडत असतील, डिफ्यूजनवर दिसत नसतील आणि शिरा हलवत नसतील, तर ठामपणे लिहा. इथे "क्लिनिकली कोरिलेट करा" लिहून हात झटकणं हा पेशंटवर अन्याय आहे.

याच्या उलट प्रकार म्हणजे *चरबी न साठलेला तुकडा*. अख्खं लिव्हर फॅटी आहे आणि तेवढाच भाग नॉर्मल. आउट-ऑफ-फेजवर सगळं लिव्हर पडतं, तो तुकडा उजळ उरतो आणि गाठ वाटतो. मात्र फॅटी लिव्हरमधला मेटास्टॅसिसही आउट-ऑफ-फेजवर असाच उजळ दिसतो. फरक डिफ्यूजन आणि कॉन्ट्रास्टवर करायचा.

*अडेनोमा* (लिव्हरच्याच पेशींची, कॅन्सर नसलेली गाठ) हा तरुण बायकांमध्ये, गोळ्या घेणाऱ्यांमध्ये जास्त. त्यातला एचएनएफ-वन-ए (बिघडलेल्या जनुकाचं नाव) प्रकार चरबीने भरलेला असतो. आउट-ऑफ-फेजवर अख्खी गाठ एकसारखी पडते. आर्टेरियल फेजमध्ये मध्यमच भरते आणि पोर्टल फेजमध्ये तो भर टिकत नाही. रक्तस्राव आणि कॅन्सरचा धोका या प्रकारात कमी. इन्फ्लमेटरी प्रकारात चरबी असलीच तर ठिगळाठिगळाने. तो टी-टूवर उजळ असतो, कधी कडेने पांढरं वलय, आणि कॉन्ट्रास्ट शेवटपर्यंत धरून ठेवतो. रक्तस्रावाची भीती याची जास्त. युरोपियन लिव्हर संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे बाईला गोळ्या थांबवून, वजन कमी करायला सांगून सहा महिन्यांनी पुन्हा बघतात. ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी राहिली किंवा वाढत असेल तर सर्जरी. पुरुषामध्ये अडेनोमा असेल तर आकार कितीही असो, काढण्याकडे कल. म्हणून पुरुषाच्या रिपोर्टमध्ये "अडेनोमा" हा शब्द लिहिण्याआधी सिनिअरला दाखवा.

*अँजिओमायोलिपोमा*मध्ये चरबी गठ्ठ्याने, रक्तवाहिन्या जाड. फॅट-सॅटवर काळ्या होणाऱ्या भागाच्या आतूनच कॉन्ट्रास्ट घेणाऱ्या वाहिन्या दिसतात, आणि गाठीतून लवकर निघून हिपॅटिक व्हेनला मिळणारी शीर मिळाली तर निदान बळकट होतं. लगेच किडन्या बघा. तिथेही तशाच गाठी असतील तर ट्यूबरस स्क्लेरोसिस या जनुकीय आजाराबद्दल विचारा. चरबी अगदी कमी असलेली अँजिओमायोलिपोमा हुबेहूब कॅन्सरसारखी दिसते, आणि तिथे बायोप्सीशिवाय गत्यंतर नसतं.

*लिपोमा* दुर्मिळ: निव्वळ चरबी, कॉन्ट्रास्ट शून्य. लिव्हरच्या पृष्ठभागावर कॅप्सूलला चिकटलेला चरबीचा छोटा गोळा दिसला तर तो आतड्यावरून सुटून आलेला तुकडा असू शकतो. आधी हिपॅटेक्टॉमी (लिव्हरचा भाग काढण्याचं ऑपरेशन) झाली असेल तर सर्जनने पोकळीत भरलेली ओमेंटम (पोटातला चरबीचा पडदा) चरबीच्या गाठीसारखी दिसते, म्हणून ऑपरेशनची नोट मागा. इन्फिरिअर व्हेना केव्हाच्या कडेला वरच्या टोकाशी दिसणारी चरबी बहुधा नॉर्मलच. लायपोसार्कोमा किंवा टेराटोमाचे मेटास्टॅसिस चरबीचे असू शकतात, पण त्यांची हिस्ट्री सहसा आधीच माहीत असते.

पायरी ७: सिरोसिस किंवा हिपॅटायटिस बी असेल तर

इथे सगळा हिशोब उलटा होतो. निरोगी लिव्हरमध्ये पहिल्या क्रमांकावर असलेलं फोकल फॅट इथे शेवटी, आणि एचसीसी (लिव्हरच्या पेशींचा कॅन्सर) पहिल्या क्रमांकावर. लहान, सुरुवातीच्या एचसीसीमध्ये अख्ख्या गाठीत चरबी असू शकते. मोठ्या गाठीत ती ठिगळाठिगळाने असते. मोठ्या गाठीच्या आत वेगळ्या वागणाऱ्या छोट्या गाठी दिसल्या तर संशय आणखी वाढतो.

लाय-रॅड्समध्ये (एचसीसीचा धोका असलेल्या पेशंटच्या गाठींना एलआर-१ ते एलआर-५ असे वर्ग देण्याची पद्धत) "शेजारच्या लिव्हरपेक्षा जास्त चरबी" हे एचसीसीच्या बाजूचं सहायक लक्षण आहे. सहायक म्हणजे सहायकच. त्याच्या जोरावर वर्ग एलआर-४ पर्यंत चढवता येतो, एलआर-५ देता येत नाही. एलआर-५ साठी आर्टेरियल फेजमध्ये भरणं, वॉशआउट (नंतरच्या फेजमध्ये लिव्हरपेक्षा काळं पडणं), कॅप्सूल, आकार आणि वाढ ही मुख्य लक्षणंच लागतात. आणि लाय-रॅड्स १८ वर्षांखालच्या पेशंटला किंवा धोका नसलेल्या लिव्हरला लावायचंच नाही. तरुण बाईच्या अडेनोमाला एलआर-४ लिहिलेले रिपोर्ट फिरताना दिसतात. त्या एका अक्षराने तिची कॅन्सरच्या ओपीडीत वारी सुरू होते.

पायरी ८: कॉन्ट्रास्टच्या फेज वाचताना

क्रिएटिनिन बघूनच गॅडोलिनियम द्या, हे सांगायला नको.

डायनॅमिक सगळं फॅट-सॅटवर होतं, आणि चरबीच्या गाठीचा घोळ इथूनच सुरू होतो. चरबी असलेली गाठ प्लेन (कॉन्ट्रास्टआधीच्या) फॅट-सॅटवर आधीच काळी असू शकते. पोर्टल फेजमध्येही ती काळीच दिसते आणि कुणीतरी तिला वॉशआउट म्हणतं. तिने धुऊन काही टाकलेलंच नसतं, ती मुळातच काळी होती. उलट, लिव्हर फॅटी असेल तर फॅट-सॅटवर लिव्हरच काळवंडतं. मग साधी गाठही त्यापुढे उजळ दिसते, आणि खरा वॉशआउट लपतो. उपाय एकच: प्रत्येक फेज प्लेनशेजारी ठेवून वाचा, आणि सबट्रॅक्शन (नंतरच्या इमेजमधून प्लेन वजा केलेली इमेज) काढा. सबट्रॅक्शनसाठी दोन्ही श्वास जुळलेले लागतात. बाकावरची ती तालीम इथे कामी येते.

हिपॅटोबिलिअरी कॉन्ट्रास्ट, म्हणजे गॅडोक्सेटेट, दिला असेल तर २० मिनिटांची इमेज एफएनएच (फोकल नोड्युलर हायपरप्लेझिया, ही निरुपद्रवी गाठ) आणि अडेनोमा वेगळं करायला उपयोगी पडते. एफएनएच उजळ किंवा लिव्हरइतकंच, अडेनोमा बहुधा काळा. पण तो महाग आहे. फोकल फॅटचा प्रश्न दोन टीईंवर सुटला असेल तर पेशंटच्या खिशाला ही चाट लावू नका. म्हणून प्लेन झाल्यावर पेशंट टेबलावर असतानाच इन आणि आउट-ऑफ-फेज उघडा आणि सिनिअरला फोन करून ठरवा.

रिपोर्टमध्ये काय लिहायचं

मशीन किती टेस्लाचं, दोन्ही टीई, गाठीचे आणि लिव्हरचे दोन्ही आकडे, लोह आहे की नाही. मग चरबी पेशींतली की गठ्ठ्याची. मग लिव्हरची अवस्था. शेवटी एक निदान, फार तर दोन, क्रमाने. "लायपोजेनिक लिजन" एवढंच लिहून थांबलेला रिपोर्ट गॅस्ट्रोवाल्याला काहीच सांगत नाही.

शंका उरलीच तर पुढचा मार्गही तुम्हीच सुचवा: किती महिन्यांनी, कुठला सिक्वेन्स, शक्यतो त्याच मशीनवर. डायबेटीस ताब्यात आला आणि वजन उतरलं की फोकल फॅट कमी होऊ शकते, त्यामुळे सहा महिन्यांनी नुसत्या प्लेन डिक्सनवरही भागतं. सिरोसिसच्या गाठीला एवढी वाट बघायची मुभा नाही. तिला तीन ते सहा महिन्यांत पूर्ण डायनॅमिक, किंवा संशय दाट असेल तर थेट ट्यूमर बोर्ड.

फिल्म छापताना इन आणि आउट-ऑफ-फेज एकाच विंडोवर, शेजारी-शेजारी छापायला सांगा, आणि पूर्ण स्टडीची सीडी पेशंटच्या हातात द्या. पुढचा एमआरआय तो दुसऱ्याच शहरात करून घेईल, आणि तिथल्या रेडिओलॉजिस्टला तुलनेसाठी तुमच्या आकड्यांचाच आधार असेल.